आठ नंबरचे मोजे

"साहेबांच्या पायाचा नंबर काय?" दुकानदाराने विचारलं, आणि मी "आठ" म्हणून मोकळी झाले. झालं ते एवढंच. घरात साहेब नाहीत. कधी नव्हते. मेन रोडवरच्या त्या दुकानात मी स्वतःसाठी मोजे घ्यायला गेले होते, रविवारी बॅडमिंटनची मॅच होती म्हणून, आणि माझ्या पायाचा नंबर पाच आहे. पण त्या माणसाने इतक्या साधेपणाने, इतकं गृहीत धरून विचारलं, की "अहो, मलाच हवेत" हे शब्द तोंडाशी आले आणि तसेच परत गेले. बायकांनी खेळताना घालायचे मोजे अशी वस्तू नाशकात मिळतच नाही. शाळकरी पोरींचे मिळतात आणि पुरुषांचे मिळतात. मधल्या बाईने काय करायचं ते तिचं तिने बघावं. एरवी मी भांडले असते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोर्डावर बसून मी भल्याभल्या शेठ लोकांची तोंडं बंद केली आहेत, तिथे हा मोजेवाला काय! पण त्या दिवशी जीभच उचलेना. आणि एकदा साहेब आहेत म्हटल्यावर पाच तरी कसं म्हणणार? पाच नंबरचा नवरा! खोटा का होईना, पण आपला नवरा असा बाहुलीच्या पावलांचा असावा असं कुठल्या बाईला वाटेल? त्याने आधी नायलॉनचे काढले. "हे न्या ताई, चमक बघा, वर्षभर फाटायचे नाहीत." मी म्हटलं, "नको. नायलॉन घाम पीत नाही. पाय आत घसरत राहतो आणि टाच सोलून निघते. सुती द्या, तळव्याला जाड विणीचे." "साहेब खेळतात वाटतं?" "हो ना. बॅडमिंटन." "वा! आणि मोजे तुम्ही बघून नेता. नशीबवान आहेत हं साहेब." मी हसले. लाजले सुद्धा, खोटं कशाला सांगू. छत्तिसाव्या वर्षी, भर बाजारात, नसलेल्या नवऱ्यावरून मी लाजले.

ती मॅच मला फार हवी होती. कपाचं मला काही नाही. कप ऑफिसच्या कपाटात जातो आणि त्याच्यात टाचण्या ठेवतात. पण जिंकलो तर सुला आणि मी नागपूरला जाणार होतो, खात्याच्या मोठ्या स्पर्धेला. तीन दिवस आम्ही दोघीच. सुला निकम माझ्या शेजारच्या बोर्डावर बसते. मूळची सटाण्याकडची, नवरा जयराम अंबडला कारखान्यात फिटर, दोन मुलं. आधी द्वारकेजवळ भाड्याने होते, आता सिडकोत स्वतःचं घर झालंय. आम्ही दोघी जोडीने खेळायला लागलो तेव्हा तिचं धाकटं अंगावर पीत होतं, आता ते सायकल चालवतं. रोज सकाळी ड्यूटीच्या आधी आम्ही तासभर खेळतो. मी जाऊन तिच्या दाराशी हाक मारते, ती केस बांधत बाहेर येते, आणि मग हॉलपर्यंत चालत जाताना ती बोलते आणि मी ऐकते. दिवसभर मी लोकांचं बोलणं जोडूनच देत असते. हॅलो मनमाड, हॅलो मालेगाव, बोला, तुमची वेळ संपली. शेकडो आवाज कानावरून जातात आणि त्यातला एकही माझ्यासाठी नसतो. सकाळचा तो रस्ता मात्र माझा असतो. आता म्हणे लवकरच सगळे फोन आपोआप लागणार, मध्ये आमची गरजच उरणार नाही. सुलाला त्याची काळजी वाटत नाही. मला वाटते, कारण बोर्ड गेला की शेजारची खुर्चीही गेली.

चार वर्षांपूर्वी अशीच एकदा आम्ही कोल्हापूरला गेलो होतो. तिथे सुलाची टाच फुगली. जयरामने हौसेने आणलेले नायलॉनचे मोजे घालून बसली होती बया, गुलाबी! मी तिला तेव्हाच म्हटलं होतं, अगं, मोजे कौतुकाने घालायचे नसतात. नवे मोजे आधी दोनतीनदा धुवायचे, म्हणजे त्यांची खळ जाते. उलटे करून घालायचे, म्हणजे शिवण बाहेर राहते. टाचेला बोटभर व्हॅसलीन लावायचं. मोजा चढवला की तळव्यावरून हात फिरवून बघायचं, कुठे चुणी राहिली का, कारण एवढीशी चुणी राहिली तर तासाभरात तिचा फोड होतो. बुटाची नाडी घट्ट बांधायची, टाच आत हलता कामा नये. आणि मोजे ओले झाले की आळस न करता बदलायचे. सगळं मान डोलावून ऐकलं आणि घातले ते गुलाबीच. मग संध्याकाळी लॉजवर मी सुई उकळली, दोरा ओवला, तिचा पाय मांडीवर घेतला आणि फोडातून दोरा आरपार काढून तसाच ठेवून दिला, म्हणजे पाणी निथळून जातं आणि वरची कातडी शाबूत राहते. ती ओरडली, "आई वं, मारी टाकस का काय मला!" घाबरली की तिची सटाण्याची बोली बाहेर येते. मग हसायला लागली. मग तिथेच उशीला टेकून झोपली, पाय माझ्या मांडीवर तसाच. माझा पाय बधिर झाला तरी मी हलले नाही. खिडकीतून उसाच्या गुऱ्हाळाचा वास येत होता. दुसऱ्या दिवशी आम्ही हरलो आणि रंकाळ्यावर भेळ खाल्ली. मी इतकी सुखात त्याआधी कधी नव्हते आणि त्यानंतरही नाही. आता नागपूरचं निघालं तेव्हापासून माझे मनातल्या मनात मांडे चालले होते. मनमाड गेलं की खिडकीशी समोरासमोर बसायचं, भुसावळला केळी घ्यायची, तिच्यासाठी आवळ्याचं लोणचं न्यायचं. एक नवी चादरही घेऊन ठेवली होती मी. अजून मॅच व्हायची होती आणि माझी पिशवी भरून तयार होती.

तर मोजे घेऊन मी निघाले. माझे मोजे आधी दादा आणायचे. दादा म्हणजे माझे वडील. मला बरोबर घेऊन जायचे आणि दुकानात शिरतानाच मोठ्याने सांगायचे, "पोरीला खेळायला मोजे दाखवा हो, पाच नंबर." त्यांना कसली म्हणून लाज नव्हती. आमच्या कॉलनीत मुलींच्या खेळण्याला नाकं मुरडणाऱ्यांना ते म्हणायचे, पाय दिलेत ते चुलीपाशी दुमडून बसायला नाही. दोन वर्षांपूर्वी ते गेले. आई आधीच गेली होती. भाऊ सहादू मनमाडला रेल्वेत, त्याचा त्याचा संसार. माझं लग्न का राहून गेलं हे आता मलाही धड सांगता येत नाही. आधी सहादूचं शिक्षण, मग आईचं आजारपण, मग दादांचं, आणि मग एक दिवस लोकांनी विचारणंच सोडलं. दादांनी आणलेल्या शेवटच्या जोडीच्या टाचांची आता विरून जाळी झाली होती. रफू करता आलं असतं, पण खेळायच्या मोज्याला टाचेवर रफू म्हणजे पायात खडा घेऊन धावणं. बसमध्ये मी पुडी मांडीवर घेऊन बसले आणि माझ्या मनात तो माणूस आला. आठ नंबरवाला. म्हटलं बघू तरी कसा दिसतो. तोंड काही दिसेना. उंची नाही, आवाज नाही, नोकरी कुठे तेही कळेना. पाय मात्र छान दिसत होते. रुंद, स्वच्छ, नखं कापलेली. दारात चपला काढणारे, ओल्या फरशीवर ठसे उमटवणारे. मी मनात त्याला रागावलेसुद्धा, आत्ताच पुसलंय ना मी. द्वारकेला बस थांबली, माणसं चढली-उतरली, शेजारची बाई म्हणाली, "सरका की जरा." मी सरकले, आणि मग लक्षात आलं की आपण हसतोय.

घरी येऊन मोजे घालून बघितले. कपाळ माझं! मोज्याची टाच माझ्या घोट्याच्या वर आणि बोटांपुढे एवढं कापड लोंबतंय. दुसरं कोणी असतं तर त्याने तसेच परत नेले असते. पण परत न्यायचे म्हणजे काय सांगायचं? साहेबांचे पाय लहान झाले? मी ते धुतले. म्हटलं सुती आहेत, आटतील. दोरीवर वाळत घातले तर शेजारच्या रंगूबाई कठड्याशी उभ्याच. त्यांची नजर आमच्या दोरीवरून कधी हलत नाही. "चांगुणा, सहादू आलाय का गं मनमाडहून?" मी वळून बघितलं. पांढरेशुभ्र, लांबलचक पुरुषी मोजे वाऱ्यावर हलत होते. "हो," मी म्हटलं. आता हे का म्हटलं? ते तर आणखी निराळंच. पण तोंडातून गेलं खरं. "झोपलाय का?" "हो, दमून आलाय." रात्रपाळीचा आहे, दमणारच, असं म्हणत त्या आत गेल्या आणि थोड्या वेळाने वाटीभर सुक्या बोंबलाची चटणी आणि दोन भाकरी घेऊन आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "उठला की दे. त्याला लहानपणी लय आवडायची." मीही हळूच म्हटलं, "देते." दार लोटून घेतलं. आणि मग त्या घरात कोणीतरी झोपलं असल्यासारखी मी खरंच हळू चालू लागले. भांडं वाजू दिलं नाही. रेडिओ लावला नाही. चटणी मीच खाल्ली, दोन्ही भाकरी खाल्ल्या, तिखटाने की कशाने डोळ्यांतून पाणी येत होतं. इतकी वर्षं हे घर गप्पच असतं, पण कोणासाठी तरी गप्प राहण्यात फरक असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

मोजे आटले, पण लांबीला जरासे. टाच जिथल्या तिथेच. शनिवारी मला बाजारात जाता आलं असतं. शाळकरी मुलींचे मोजेसुद्धा एक वेळ चालले असते. मला सगळं कळत होतं. एवढं ज्ञान सुलाला ऐकवणारी मी, मला कळत नाही होय? पण मला तेच घालायचे होते. दोन माणसांना मी सांगून बसले होते की हे पाय माझ्या घरात आहेत, आणि आता मोजे कपाटात टाकायचे म्हणजे त्यांना घराबाहेर काढल्यासारखं वाटत होतं. काय खुळेपणा! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. रविवारी सकाळी बोटांपुढचं कापड दुमडून तळव्याखाली घेतलं, व्हॅसलीन भरपूर लावलं, नाडी आवळली आणि स्वतःला सांगितलं, तासाभराचा तर प्रश्न आहे.

हॉलमध्ये सुलाने बघितलंच. "हे कोणाचे गं मोजे? पोटरीपर्यंत आलेत!" मी म्हटलं, "नवऱ्याचे." ती थांबली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मग इतकी हसली की खाली बसली. मीही हसले. आमचं बरं चाललंय असं मला वाटलं. जयराम मुलांना घेऊन बाकावर बसला होता, त्यानेही हात केला. समोर धुळ्याच्या दोघी होत्या, पोरसवदा, वाऱ्यासारख्या. पहिली गेम आम्ही घेतली. मला काहीच जाणवलं नाही. दुसऱ्या गेमच्या सुरुवातीला उजव्या टाचेत ऊब आली. फोड आधी ऊबच देतो, हे खेळणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असतं. तेव्हाच थांबून मोजा सारखा केला तर निभावतं. मी थांबले नाही. थांबले तर लय जाईल, आणि लय गेली की नागपूर गेलं. सिमेंटचं कोर्ट, प्रत्येक वळणाला पाय थांबायचा आणि मोजा थोडा पुढे जायचा, चुणी टाचेखाली किसणीसारखी फिरायची. मग चटका. मग ओलं. फोड फुटला हे मला कळलं, कारण दुखणं एकदम धारदार झालं. दुसरी गेम आम्ही हरलो. मधल्या वेळात सुला माझ्या पायाकडे बघून म्हणाली, "काय व्हयनं? रक्त शे वं चांगुणा." मी म्हटलं, "काही नाही, पाणी आण." "सोडून देऊ या का?" "वेडी आहेस?" मी म्हटलं. "तू फक्त उभी राहा. मी आहे."

आणि मी होतेच. तिसरी गेम मी जशी खेळले तशी आयुष्यात खेळले नाही. सुला दमली होती. तिच्या बाजूला पडणाऱ्या शटल तिच्या हातून राहून जात होत्या, तिची रॅकेट अर्ध्यातच थांबत होती, आणि मी मागून धावत जाऊन त्या उचलत होते. जाळीपाशी पडलेली, रेषेवर पडलेली, तिच्या खांद्यावरून गेलेली. एकदा तर ती बाजूलाच झाली आणि मी तिच्या मागून येऊन मारली आणि ती धुळ्यावाल्यांच्या मधोमध पडली. लोक ओरडले. मला वाटत होतं, हिच्या वाटणीचं सगळं मी धावेन, दोघींचं एकटीने खेळेन, हिने फक्त माझ्याबरोबर नागपूरला यावं. पायात काय चाललंय हे मला दुसऱ्या कोणाचं तरी चाललंय असं वाटत होतं. भुसावळची केळी दिसत होती. शेवटची शटल बाहेर गेली आणि पंचाने हात वर केला. आम्ही जिंकलो.

मी सुलाला मिठीच मारली. ती थरथरत होती. मला वाटलं, आनंदाने. मग ती बाकावर बसली आणि रडायला लागली. मी म्हटलं, "अगं खुळे, जिंकलो आपण. डब्याचं मी बघते, तू फक्त कपडे घे." ती म्हणाली, "चांगुणा, मी नागपूरला येत नाही." "का? जयरामराव नको म्हणतात?" "ते कशाला नको म्हणतील? ते तर जा जा म्हणतात." "मग सासूबाई?" "त्या गावाला आहेत." "मग काय गं?" तिने मनगटाने नाक पुसलं. "मला नाही यावंसं वाटत. मला खेळावंसंच नाही वाटत, पुष्कळ दिवस झाले. सकाळी घरी बरं वाटतं मला. तू हाक मारतेस ना, तेव्हा रोज वाटतं की आज सांगू. मग वाटतं, हिला तरी दुसरं आहे काय." एवढं बोलून तिने तोंडावर हात ठेवला. पण आता धरण फुटलंच होतं. "म्हटलं आज हरलो की आपोआप सुटेल, तुला सांगावं लागणार नाही. तुझ्या मोज्याला रक्त दिसलं तेव्हा शप्पथ सांगते चांगुणा, मला हायसं वाटलं. मग मी सोडत गेले. आणि मी सोडलेली एकूण एक शटल तू उचलत होतीस."

"बरं," मी म्हटलं. मला स्वतःचा आवाज बोर्डावर बसल्यासारखा ऐकू आला. ती म्हणाली, "रागावलीस?" "नाही गं." "खरं?" "खरं." मग ती शाळेतल्या मुलीसारखी भीत भीत म्हणाली, "मग उद्या सकाळी..." "उद्या झोप तू," मी म्हटलं. तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी बघितलं. न बघते तर बरं झालं असतं. इतकी वर्षं तिच्या शेजारी बसून मी तो चेहरा कधी बघितला नव्हता, इतकी ती आतून मोकळी झाली होती. जयरामने हाक मारली, धाकट्याने तिचं बोट धरलं, ती जाताना दोनदा वळली. "टाचेला हळद लाव हं," म्हणाली. दारापलीकडे गेल्यावर तिचा हसण्याचा आवाज आला. कशाला हसली असेल कोण जाणे. मुलगा काहीतरी बोलला असेल.

लोक गेले. जाळी उतरवली. ऑफिसचे साहेब येऊन माझं अभिनंदन करून गेले आणि नागपूरचं उद्या बोलू म्हणाले. मी बाकावर बसून होते. तिने मला फसवलं असतं, भांडली असती, नवऱ्याच्या धाकाने नाही म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं. पण तिने तर दया केली होती, तीही वर्षानुवर्षं, केस बांधत, रोज सकाळी. आणि मी त्या सकाळींवर जगत होते. हॉल झाडणाऱ्या भागीबाई पेठकडच्या, कधी जास्त बोलत नाहीत. त्या एका टोकापासून झाडत येत होत्या. मी बूट काढला. मोजा रक्ताने टाचेला चिकटून बसला होता. मी तो ओढला तशी कातडी त्याच्याबरोबर आली, आणि मग मला रडू फुटलं. मोठ्याने, लहान मुलासारखं, हॉलभर घुमेल असं. भागीबाई केरसुणी टाकून धावत आल्या. माझ्यासमोर उकिडव्या बसल्या आणि पायाकडे बघून म्हणाल्या, "अगं माय! लय दुखतंय का बाई?"

"हो," मी म्हटलं आणि पाय त्यांच्यापुढे केला. "टाच सोलली ना."